ब्रिटिश ट्रेड डॉलर परदेशातून मागवताय? खोट्याची पारख पैसे भरण्याआधी करा

परदेशी संकेतस्थळांवर चांदीची जी मोठी नाणी सर्रास खोटी निघतात, त्यांत अमेरिकेच्या मॉर्गन डॉलरबरोबर ब्रिटिश ट्रेड डॉलरचा नंबर वरचा. हाँगकाँग आणि स्ट्रेट्स सेटलमेंट्सच्या (सिंगापूर, पेनांग, मलाक्का या ब्रिटिश वसाहतींच्या) व्यापारासाठी ते १८९५ ते १९३५ या काळात पाडलं गेलं. बहुतेक नाणी मुंबईच्या टांकसाळीत पाडलेली, काही कलकत्त्यात, आणि १९२५ व १९३० ची काही लंडनमध्ये. मुंबईची खूण असल्यामुळे आपल्याकडच्या संग्राहकांनाही ते हवंसं वाटतं, आणि नकली माल विकणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

आधी किमतीचा हिशेब करा. खऱ्या नाण्याचं वजन २६.९६ ग्रॅम, चांदी ९० टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे २४.२६ ग्रॅम. त्या दिवशीचा चांदीचा ग्रॅमचा भाव गुणिले २४.२६ ही तळाची रेषा. पूर्ण रकमेला थेट विकायला ठेवलेलं नाणं या रेषेखाली असेल तर पुढचं काही बघूच नका. स्वतःच्या चांदीपेक्षा स्वस्त कोणी विकत नाही. लिलावात मात्र सुरुवातीची बोली कमी असू शकते, तिथे शेवटची किंमत धरा. १९२१ आणि १९३५ ची मुंबईची नाणी अतिशय दुर्मीळ आहेत. ती साध्या सालाच्या भावात दिसली, तर तो योगायोग नसतो. १८९५ च्या आधीचं साल असेल तर नाणं शंभर टक्के खोटं. अशी नाणीसुद्धा बिनदिक्कत विकायला असतात.

मग विक्रेता. फीडबॅकचा टक्का पाहून समाधान मानू नका, फीडबॅक कशाबद्दल मिळालाय ते उघडून वाचा. मोबाइलची कव्हरं विकून कमावलेले हजार चांगले शेरे नाण्यांच्या बाबतीत कवडीमोलाचे. एकाच विक्रेत्याकडे दहा वेगवेगळी दुर्मीळ सालं, सगळ्यांवर एकसारखा काळपट रंग, हे धोक्याचं लक्षण. ‘आजोबांच्या पेटीत सापडलं’, ‘मी जाणकार नाही, फोटो पाहून ठरवा’ ही वाक्यं जबाबदारी झटकण्यासाठी असतात. वर्णनात धातूच्या जागी ‘चांदीचा मुलामा’ किंवा ‘माहीत नाही’ लिहिलंय का, तेही तपासा. आणि विक्रेता संकेतस्थळाबाहेर पैसे द्यायला सांगत असेल तर तिथेच थांबा, कारण मग खरेदीदाराचं संरक्षण संपतं.

फोटोंवर वेळ घालवा. खरी पारख इथेच होते. दोन्ही बाजू आणि कडेचे स्वच्छ फोटो मागा, शिवाय नाणं ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ठेवून आकडा दिसेल असा एक. शेजारी कागदावर त्या दिवसाची तारीख लिहायला सांगा, म्हणजे फोटो दुसरीकडून उचललेला नाही हे कळतं. द्यायला टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजा.

नाण्यावर उभी ब्रिटानिया आहे, हातात त्रिशूळ आणि ढाल, मागे शिडाचं जहाज. मुंबईचा ‘बी’ त्रिशूळाच्या मधल्या टोकावर अगदी बारीक असतो. कलकत्त्याचा ‘सी’ ढालीच्या बुडाशी, डाव्या पायाजवळ. वापरून झिजलेल्या नाण्यावर ‘बी’ पुसट झालेला असतो, त्यामुळे नुसता तो दिसत नाही म्हणून नाणं खोटं ठरवू नका. पण बाकी सगळं कोरं, टोकदार आणि ‘बी’ मात्र गोळा झालेला, ही विसंगती झिजेने येत नाही. मागच्या बाजूला मध्यभागी दीर्घायुष्याचं चिनी चिन्ह, भोवती नक्षी, आणि चिनी व जावी (मलय भाषेसाठीची अरबी वळणाची) लिपीत किंमत. नकली नाण्यांत ही नक्षी जाडसर येते, रेषा एकमेकींत मिसळतात.

ओतीव नकलेवर दाणेदार पृष्ठभाग, बारीक छिद्रं, गोलसर अक्षरं दिसतात. कडेवर जोडाची रेषा असते. जास्त त्रास देतात ती खऱ्या नाण्यावरून साचा बनवून पाडलेली. खऱ्या नाण्यावरचा ओरखडा किंवा टोचा साच्यात उतरतो आणि त्या साच्यातल्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी दिसतो. म्हणून त्याच सालाची विकायला असलेली इतर नाणी शोधा आणि फोटो शेजारी शेजारी ठेवा. दोन वेगळ्या नाण्यांवर एकाच जागी एकच टोचा असेल, तर दोन्ही सोडा. चिनी व्यापाऱ्यांनी परखून मारलेले ठसे खऱ्या नाण्यांवर असतात, पण ते नकलेवरही मारता येतात. त्यांना पुरावा धरू नका.

पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या प्लास्टिक डबीतलं नाणं सुरक्षित, हा अर्धवट समज. डब्यासुद्धा नकली बनतात, आणि त्यावरचा क्रमांक खऱ्या नाण्याचा उचललेला असतो, त्यामुळे नुसता क्रमांक जुळणं पुरेसं नाही. त्या संस्थेच्या संकेतस्थळावर क्रमांक टाका, तिथे फोटो असेल तर ओरखडे आणि डागांची जागा विक्रेत्याच्या फोटोशी ताडून बघा. महाग नाणं असेल तर नामांकित लिलावगृहाकडून घेणं बरं. बोलीवर लिलावगृहाचा प्रीमियम, म्हणजे वरचं शुल्क, पडतो, पण खरेपणाची लेखी हमी मिळते.

नाणं हाती आल्यावर पाकीट फोडतानाचा सलग व्हिडिओ करा, पत्त्याची पट्टी दिसेल असा. मग त्याच दिवशी तपासा, कारण तक्रारीची मुदत माल पोहोचल्यापासून मोजली जाते. व्यास ३९ मिमीच्या आसपास हवा. जवळजवळ कोरं दिसणारं नाणं २६.९६ पासून दशांश ग्रॅमहून जास्त खाली असेल तर शंका घ्या. झिजलेलं थोडं हलकं असणारच.

त्यानंतर घनता. पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. काटा साधारण २.६१ दाखवायला हवा. कोरडं वजन भागिले हा आकडा, उत्तर १०.३ च्या जवळ आलं पाहिजे. तांबे-निकेलचं नाणं ८.९ च्या आसपास येतं. नाण्याला बुडबुडे चिकटले तर काटा जास्त दाखवतो आणि खरं नाणंही कमी घनतेचं वाटतं. नाणं हलवून पुन्हा मोजा. चुंबकाला चिकटलं तर खोटं, न चिकटलं तर काहीच सिद्ध होत नाही. सराफाकडचं धातू तपासणारं यंत्र फक्त वरचा थर वाचतं, म्हणून जाड मुलामा त्याला फसवतो. आणि काही नकला चांगल्या चांदीच्याही असतात, त्यांत धातूच्या सगळ्या चाचण्या पास होतात. तिथे शेवटचा शब्द नक्षी आणि कडेचाच.

खोटं नाणं परत पाठवायची वेळ आली की एक अडचण भारतातल्या खरेदीदाराला उशिरा कळते. १९७२ च्या पुरावशेष (म्हणजे प्राचीन वस्तूंच्या) कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. खोटं नाणं पुरावशेष नसतंच, पण पाकिटावर ‘१९०२ चं चांदीचं नाणं’ लिहिलेलं दिसलं की कस्टम ते अडवू शकतं, आणि मग पुरावशेष नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आणावा लागतो. तेव्हा तक्रार करताना पहिल्याच मजकुरात वजनाचा व घनतेचा फोटो जोडा आणि नाणं परत न पाठवता पैसे मागा, कारण म्हणून कायद्याचा हा मुद्दा लिहून.