तुतीचं बेणं आणायला निघण्याआधी

आधी वाफे, मग बेणं. आमच्याकडे नेमकं उलटं होतं: पिकअप स्वस्तात मिळाली म्हणून बेणं येतं आणि मग नांगरटीवाला शोधत फिरायचं. गादीवाफे ओलवून, माणसं सांगून झाली की मगच बेणंवाल्याला फोन करावा. पाच-तीन-दोनच्या जोडओळीत (जोडीतल्या दोन ओळींत तीन फूट, दोन जोड्यांत पाच फूट, झाडाझाडांत दोन फूट) एकरी ५,४४५ झाडं बसतात. मर धरून रोपवाटिकेसाठी साडेसहा हजार काड्या सांगाव्यात.

तोडणी सकाळी, ऊन चढायच्या आत. सहा-आठ महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्यायची. हिरवा शेंडा टाकून द्यायचा. काडी वीतभर, तीन-चार डोळ्यांची (डोळा म्हणजे जिथून कोंब फुटतो ती जागा). सिकेटरला (छाटणीच्या कात्रीला) धार हवी, कोयत्यानं टोक पिचतं आणि कूज तिथूनच सुरू होते. पाला तिथंच उतरवावा, कारण पानं काडीतलं पाणी ओढून उडवतात. (शेळ्या असतील तर तो टाकून येऊ नका, त्यांच्यासाठी घेऊन या.) बुडाला तिरपा काप, वर सपाट, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. पन्नास-पन्नासच्या जुड्या, सगळे डोळे एकाच दिशेला.

आता पोती. पहिल्या वर्षी मी भिजवलेल्या जुड्या युरियाच्या रिकाम्या गोण्यांत तोंड शिवून आणल्या, वरून ताडपत्री. दुपारी गोणीत हात घातला तर आत वाफ. चौथ्या दिवशी साल काळी पडून हातात आली. तोडलेली काडीही श्वास घेते, कोंडली की ढीग तापतो. म्हणून गोणपाट घ्यावं, भिजवून पिळलेलं, आणि गाडी रात्री काढावी.

घरी आल्यावर जुड्या झाडाच्या दाट सावलीत ओल्या वाळूवर उभ्या ठेवाव्यात, डोळे वर. अंगावर ओलं गोणपाट, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिपका. हौदात बुडवून ठेवायचा मोह होतो, तो टाळा. वाळूवर सावलीत असं दोन-तीन दिवस निभतं. मजूर आलेच नाहीत तर सावलीतच ओल्या वाळूचा चर काढून काड्या अर्ध्याअधिक गाडाव्यात.

लावायच्या दिवशी प्रत्येक जुडीतल्या चार-पाच काड्या नखानं खरवडून पाहाव्यात. सालीखाली हिरवं, ओलसर दिसलं तर जुडी चांगली. तपकिरी, कोरडं निघालं तर ती जुडी उकलून एकेक काडी तपासावी. निवडलेल्या काड्या कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात, लिटरला १ ग्रॅम, अर्धा तास बुडवून त्याच दिवशी वाफ्यात लावाव्यात. हातमोजे विसरू नका.