कासवाची सुकट सोडवून त्याला पाला खायला कसं लावायचं

मी सांगतेय ते रेड इअर्ड स्लायडरबद्दल, डोळ्यामागे लाल पट्टा असतो ते कासव. देशी कासवं घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे तो विषय इथे नाही.

पेलेट्सचं, म्हणजे कासवांच्या तयार खाद्याच्या गोळ्यांचं, सोपं आहे. कासवाचं डोकं मान सोडून जेवढं, साधारण तेवढेच पेलेट्स एका वेळी. पिल्लाला रोज, मोठ्याला दिवसाआड किंवा दोन दिवस सोडून. खायला पाण्यातच द्या, त्याला पाण्याशिवाय नीट गिळता येत नाही. पोळी, भात, ब्रेड, दूध काहीही नाही.

आता खरी अडचण, पाला. पिल्लू असताना त्याला प्रोटीन जास्त लागतं पण मोठं झालं की निम्म्याहून जास्त खाणं हिरवं हवं, आणि सुकटीची सवय लागलेलं कासव पाल्याकडे बघतही नाही. मला दुकानात सांगितलं होतं की डब्यातली सुकट दिली की झालं, मी दोन वर्षं तेच दिलं. मग एके दिवशी डोळे सुजले, उघडेनात, आणि दिसेना म्हणून खाणं बंद. डॉक्टरांनी सांगितलं, जीवनसत्त्व अ ची कमतरता. तो महिना मी विसरलेले नाही, म्हणून सांगते, सुकट हे जेवण नाही. आणि डोळे सुजले तर घरच्या घरी व्हिटॅमिनचे थेंब घालू नका, जास्त झालं तर तेही घातक असतं.

सवय मोडायची तर सुकटीचा डबा घरातून बाहेर काढा, समोर असला की आपलाच हात जातो. सकाळी दिव्याखाली किंवा उन्हात अंग शेकून झालं की त्याला भूक लागते, तेव्हा आधी फक्त पाला टाका, पेलेट्स दुपारनंतर. लेट्युस किंवा जास्वंदीचं पान ज्या पाण्यात पेलेट्स भिजवले त्यातच बुडवून घ्या, वास लागला की ते तोंड मारतं. लाल भोपळा आणि गाजर किसून द्या, डोळ्यांसाठी तेच कामाचं. पहिले चार-पाच दिवस पान तसंच तरंगत राहील, संध्याकाळी काढून टाका, उद्या नवीन. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा पान कुरतडलं, मी तोपर्यंत तीनदा हरून सुकट टाकली होती आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. हे फक्त मोठ्या, धडधाकट कासवाला हं, पिल्लाला किंवा आजारी कासवाला उपाशी ठेवून अजिबात नाही.

पालक टाळा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. जलपर्णी कासवं आवडीने खातात पण मुठा नदीतून उचलून आणू नका, ते पाणी कसलं आहे आपल्याला माहीत आहे.

कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा, म्हणजे कटलफिशच्या हाडाचा, तुकडा पाण्यात टाकून ठेवा, आयुर्वेदिक दुकानात मिळतो. पण यूव्हीबी दिवा (उन्हासारखे अतिनील किरण देणारा) किंवा थेट ऊन नसेल तर ते अंगी लागत नाही, खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्यात धरू नका.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पाणी गार पडतं, अशा पाण्यात खाल्लेलं पचत नाही. हीटर लावून पाणी २५ अंशांच्या आसपास ठेवा, आणि लाइट गेले असतील तर त्या दिवशी खायला देऊच नका.