पाण्यातली खेळणी परदेशी पाठवताना

कृष्णेच्या घाटावर पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलेल्या माणसाला तो भोपळा आणि टबात तरंगणारे बदक यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. निर्यातीचे नियमही याच फरकापासून सुरू होतात. त्यामुळे कुपवाड किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतून माल पाठवू इच्छिणाऱ्या उद्योजकाने, नमुना प्रयोगशाळेत देण्याआधी, आपली वस्तू भोपळ्यासारखे पोहण्याचे साधन आहे की बदकासारखे खेळणे हे ठरवावे. उथळ पाण्यात खेळण्याची वस्तू युरोपीय संघात २००९/४८ या खेळणी निर्देशाखाली येते आणि ईएन ७१ या युरोपीय मानकमालिकेनुसार तपासली जाते. पोहायला शिकताना दंडावर चढवायचे फुगे मात्र तिकडे खेळणे मानलेच जात नाहीत. ते वैयक्तिक संरक्षण साधनांच्या २०१६/४२५ या नियमाखाली जातात आणि त्यांचे मानक ईएन १३१३८ हे आहे. खेळण्याच्या खोक्यावर ‘पोहायला शिका’ असे छापण्याचा मोह म्हणूनच टाळावा, कारण त्या दोन शब्दांनी हातातले प्रमाणपत्र निरुपयोगी ठरते.

सर्वाधिक माल ज्या कारणाने नापास होताना मी पाहिला, ते कारण मऊ पीव्हीसीत असते. आपल्या बाजारात ‘डीओपी’ म्हणून पिंपाने मिळणारे, पीव्हीसी मऊ करणारे तेल म्हणजेच परदेशी अहवालातले डीईएचपी हे थॅलेट जातीचे रसायन. युरोपच्या रीच या रसायनविषयक नियमानुसार ते आणि त्याच्या जातीची आणखी तीन थॅलेट्स मिळून वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नयेत. अमेरिकेत आठ थॅलेट्सवर प्रत्येकी तेवढीच मर्यादा आहे. डीओटीपी हे तेल चालणारा पर्याय आहे, पण डीओपीच्या नावाशी एकाच अक्षराचा फरक असल्याने खरेदीची चिठ्ठी तोंडी देऊ नये. आमच्या एका खेपेत तेल योग्य होते, तरी अहवाल नापास आला. आदल्या दिवशी त्याच मिक्सरमध्ये चपलांच्या सोलचे मिश्रण फिरले होते आणि पात्याला चिकटलेला थर कोणी खरवडलाच नव्हता. तेव्हापासून खेळण्यांचा मिक्सर वेगळा आहे.

युरोपसाठी फुगवायच्या खेळण्यात झडप स्वतः तपासावी. हवा भरून तोंड सोडले तरी झडपेने हवा परत येऊ देता कामा नये, बूच खेळण्यालाच कायमचे जोडलेले असावे, आणि अंगठ्याने आत दाबल्यावर ते पृष्ठभागापेक्षा ५ मिलिमीटरहून अधिक वर राहू नये. मुलाचे पाय टेकतील एवढ्याच पाण्यात आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावे, ही सूचना खेळण्यावरच, न पुसणाऱ्या शाईने, उठून दिसेल अशा रंगात आणि जिथे माल विकला जाणार त्या देशाच्या भाषेत हवी. युरोपीय नियम पाळल्याची खूण असलेले सीई चिन्ह किमान ५ मिलिमीटर उंच असावे आणि तांत्रिक कागदपत्रे १० वर्षे जपावीत.

अमेरिकेसाठी एएसटीएम एफ९६३ हे खेळण्यांच्या सुरक्षेचे मानक बंधनकारक आहे. प्रयोगशाळेला केवळ एनएबीएल या भारतीय मंडळाची मान्यता असणे तेथे पुरत नाही. तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाने स्वीकारलेल्या प्रयोगशाळेचाच अहवाल लागतो आणि त्याच्या आधारे बालउत्पादन प्रमाणपत्र तयार करावे लागते. शिशाची मर्यादा मूळ पदार्थात १०० पीपीएम (दशलक्ष भागांत १०० भाग), तर रंगाच्या थरात ९० पीपीएम आहे. पाण्याच्या पिचकारी-बंदुकीचे टोक भडक नारिंगी असावे, किंवा सगळी बंदूक पारदर्शक अथवा ठरवून दिलेल्या भडक रंगांत असावी. खऱ्या बंदुकीसारखी संपूर्ण काळी पिचकारी तेथे चालत नाही.

भारताचा २०२० चा खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश निर्यातीच्या मालाला लागू नाही, पण परत आलेली खेप सांगलीच्या पेठेत विकायची म्हटली की आयएसआय चिन्हाचा प्रश्न उभा राहतो.

अमेरिकेत वस्तूवर जो माग काढण्याचा शिक्का सक्तीचा आहे, त्यावरचा बॅच क्रमांक आणि तेलाच्या पिंपाचे बिल यांची जोडी एकाच वहीत लिहावी आणि प्रत्येक बॅचचा एक नग सीलबंद ठेवावा. तक्रार आली, तर कोणत्या पिंपापासूनचा माल परत मागवायचा हे त्या वहीतूनच कळते.