सीताअशोक बियांपासून कसा लावायचा (सातारा-सांगलीकरांसाठी)

सगळ्यात आधी झाड ओळखा, कारण बंगल्याच्या कंपाउंडला जे उंच, शिडशिडीत, नागमोडी पानांचं झाड असतं ना तो सीताअशोक नाहीच, तो आसुपालव, पण नर्सरीत नुसतं "अशोक द्या" म्हटलं की बऱ्याचदा तेच हातात येतं. मला पण एकदा तेच मिळालं, वर्षभर पाणी घातल्यावर कळलं. खरा सीताअशोक डेरेदार असतो, एका देठावर पानांच्या चार-सहा जोड्या, आणि फेब्रुवारी ते एप्रिल फांद्यांनाच काय, जुन्या खोडालासुद्धा केशरी फुलांचे गुच्छ लागतात, मग ते लाल होत जातात. चैत्रात अशोकाष्टमीला ज्याच्या कळ्या खातात ते हे झाड.

जंगलात हे कमी झालं त्याचं मोठं कारण साल. अशोकारिष्ट नावाच्या आयुर्वेदिक औषधाला ती लागते, मागणी इतकी की आसुपालवाची साल त्यात मिसळून विकतात. खोडाची साल सगळ्या बाजूंनी सोलली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही, झाड उभ्या उभ्या वाळतं. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, धोक्यातल्या जाती नोंदवणाऱ्या लाल यादीत हे 'असुरक्षित' म्हणून आहे.

आता बिया. जून-जुलैच्या सुमाराला चपट्या शेंगा जांभळट होऊन काळ्या पडायला लागतात, तेव्हा घ्यायच्या. कोयना, चांदोलीच्या राखीव जंगलात जाऊन नाही हं, तिथून काही आणायला परवानगी नसते, आपल्या आसपास देवळाच्या आवारात, कॉलेजात, बागेत झाड असेल तिथं विचारून खाली पडलेल्या उचला. आणि लगेच लावा! जोंधळ्यासारखं हे बी डब्यात भरून ठेवता येत नाही, आतला ओलावा गेला की बी मेलं. मी पहिल्या वर्षी दिवाळीपर्यंत ठेवलं होतं, एकही उगवलं नाही.

लाल माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत सारखं मिसळून पिशव्या भरायच्या, खाली भोकं हवीतच. बी आडवं ठेवून बोटाच्या एका पेराइतकं खोल लावा, शेडनेटखाली ठेवा, माती ओली पण चिखल नाही. साधारण तीन आठवड्यात कोंब दिसतो, काही बिया मागं राहतात, त्या उकरून बघू नका.

नवीन पालवी आली की लोक घाबरतात. पानं तांबूस, मऊ, लोंबकळणारी, अगदी उन्हानं मान टाकल्यासारखी दिसतात, आमच्या आईनं तर "गेलं रे झाड" म्हणून तांब्यावर तांब्या ओतला होता. ती पानं तशीच असतात, हळूहळू हिरवी आणि ताठ होतात, जास्त पाणी देऊन मुळं कुजवू नका.

वर्षभरानं पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावा. जागा निवडताना एकच आठवायचं, हे सदाहरित जंगलात ओढ्याकाठी, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं झाड आहे. पाटण, शिराळ्याकडं पाऊस भरपूर, तिथं निचरा तेवढा बघा, जमतं. जत-आटपाडीला मात्र एप्रिल-मेचं ऊन आणि कोरडा वारा पानांच्या कडा करपवतो, म्हणून घराच्या पूर्वेला, म्हणजे दुपारनंतर सावली पडेल असं, किंवा विहिरीजवळ लावा आणि पश्चिमेला केळी नाहीतर हादगा लावून आडोसा करा. कृष्णाकाठच्या चोपण, म्हणजे क्षारानं बिघडलेल्या जमिनीत नकोच.

दोन फुटाचा खड्डा, त्यात पालापाचोळा, शेणखत, माती. वरून उसाचं पाचट पसरायचं, आपल्याकडं त्याला काय तोटा, उगीच पेटवतात. जंगलात जमिनीवर कुजक्या पानांचा थर असतो तेच काम ते करतं, फक्त खोडाला चिकटवू नका, चार बोटं लांब ठेवा. पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा तरी पाणी हवंच, वाढ हळू असते म्हणून उपटून दुसरं काही लावायची घाई करू नका. आणि पुढं झाड मोठं झालं, कुणी औषधाला साल मागायला आलं, तर साल द्यायची नाही, त्याऐवजी जुलैत मूठभर ताज्या बिया द्या.