सेकंडहँड डिझेल घेतली आणि तोच फॉल्ट परत परत येतोय? मग असं करा

गाडी घेऊन महिना-दोन महिने झाले, चेक लाइट लागली, गॅरेजला नेली, त्यांनी स्कॅनर लावून लाइट घालवली, चार दिवस मस्त गेले आणि खंबाटकी चढताना परत तीच लाइट, परत पिकअप गायब. असं चालू असेल तर सगळ्यात आधी कोड, म्हणजे गाडी फॉल्टचा जो नंबर साठवते तो, उडवणं बंद करा. कोड पडतो त्या क्षणी आरपीएम किती होता, स्पीड काय, कूलंट किती गरम, लोड किती हे सगळं गाडी कोडसोबत साठवून ठेवते, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात, आणि कोड उडवला की तेही उडतं. म्हणजे फॉल्ट पकडायचा सगळ्यात चांगला पुरावा आपणच पुसतो आणि वर दोनशे-पाचशे रुपये देऊन येतो.

एक ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (गाडीतले कोड फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) घ्या, ईएलएम ३२७ नावाने ऑनलाइन मिळतो, एकदम स्वस्तातला घेऊ नका त्यातले बरेच नीट कनेक्ट होत नाहीत, आणि फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप टाका. डोंगल लावायचा पोर्ट स्टिअरिंगच्या खाली असतो. कोड, फ्रीझ फ्रेम सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. अजून एक गोष्ट बघा जी फार कोणी बघत नाही, बऱ्याच गाड्यांमध्ये 'कोड उडवल्यापासून किती किलोमीटर चालली' हा आकडा मिळतो. गाडी बघायला जाल तेव्हाच हे बघितलं आणि आकडा १५-२० किलोमीटर दिसला तर समजा विकणाऱ्याने सकाळीच लाइट पुसलीय. घेऊन झाल्यावर कळलं तरी, मध्ये गॅरेजने कोड उडवला नसेल तर, कामाचं आहे, फॉल्ट तुमच्या हातात आल्यावर सुरू झाला की आधीपासून होता एवढं तरी समजतं.

आता मुख्य काम, आणि याला पैसे लागत नाहीत. फोनमध्ये एक नोट काढा आणि दर वेळी फॉल्ट आला की लिहा: इंजिन थंड होतं की गरम, टाकीत डिझेल किती, चढ होता की सपाट, एसी चालू की बंद, पाऊस, खड्डा, नुकतंच डिझेल भरलं होतं का, आणि गाडी बंद-चालू केल्यावर बरी झाली का. चावी फिरवून बरी होते ही खूण महत्त्वाची आहे कारण तो बहुतेक वेळा लिंप मोड असतो, काहीतरी प्रमाणाबाहेर गेलं की गाडी इंजिन वाचवायला ताकद कापते, बऱ्याच गाड्या मग अडीच-तीन हजार आरपीएमच्या वर जातच नाहीत. सोबत मागच्या रिपेअरनंतर गाडी किती दिवस नीट चालली तेही लिहा. डिझेल फिल्टर बदलला की हजार-दोन हजार किलोमीटर नीट आणि मग परत तेच, असं असेल तर फिल्टर गुन्हेगार नाहीच, टाकीत घाण आहे, गाडी बहुधा कुठेतरी महिनोन्महिने उभी होती, आणि टाकी उतरवून आतली जाळी साफ केल्याशिवाय तुम्ही फिल्टरच बदलत बसणार.

कोडबद्दल एक गैरसमज काढून टाका. कोड पार्टचं नाव सांगत नाही, काय बिघडलंय ते सांगतो. पी ००८७ म्हणजे रेलमध्ये (इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल पुरवणाऱ्या नळीत) प्रेशर कमी. आता ते फिल्टर चोक असल्याने असेल, लाइनमध्ये हवा घुसत असेल, टाकीतला पंप दमला असेल, रेग्युलेटर, हाय प्रेशर पंप, नाहीतर इंजेक्टर रिटर्नला (टाकीकडे परत जाणाऱ्या लाइनला) जास्त डिझेल सोडत असेल, किंवा प्रेशर बरोबर आहे आणि सेन्सरच खोटं बोलतोय. सात कारणं आणि त्यातलं पहिलं दोन-चारशे-हजारात सुटतं, हाय प्रेशर पंप-इंजेक्टरची पन्नास-पन्नास हजारांकडे जातात. कोड बघून डायरेक्ट 'पंप गेला' म्हणणाऱ्या मेस्त्रीला हात जोडा आणि गाडी बाहेर काढा.

कशालाही हात लावण्याआधी बॅटरी आणि अर्थिंग. हे एवढं साधं आहे म्हणून लोक सोडून देतात. शंभर-दोनशे रुपयांचं मल्टिमीटर आणा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ च्या खाली म्हणजे अर्धी रिकामी. सेल्फ मारताना साडेनऊ-दहाच्या खाली पडायला नको, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दरम्यान. डिझेलला सेल्फ मारायला करंट जास्त लागतो, व्होल्टेज पडलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गोंधळतो आणि एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सात कोड एकदम टाकतो. असे कोडांचे ढिगारे दिसले की सेन्सरांची यादी करू नका, आधी बॅटरीची टर्मिनलं आणि बॅटरी-टू-बॉडी, बॉडी-टू-इंजिन अर्थची पट्टी साफ करून घट्ट करा. आणि उंदीर. पावसाळ्यात गरम बोनेटखाली येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात, टॉर्च घेऊन हार्नेस (वायरींचा जुडगा) पूर्ण बघा, टेप मारून लपवलेले जोड सापडले तर तिथे थांबा, अर्धे इंटरमिटंट (मधूनच येणारे-जाणारे) फॉल्ट अशा टेपखाली असतात. हे काम इंजिन मेस्त्रीचं नाही, चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं आहे.

मग बेस सर्व्हिस करून टाका, आधीच्या मालकाची सर्व्हिस बुक कितीही सुंदर असली तरी. इंजिन ऑइल (मॅन्युअलमध्ये ग्रेड असेल तोच, दुकानदार देईल तो नाही), ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, आणि डिझेल फिल्टरच्या तळातलं पाणी काढायचं. जुना डिझेल फिल्टर कापून बघा, आत काळा गाळ किंवा गंज दिसला तर वर सांगितलेली टाकीची गोष्ट. यातून फॉल्ट जाईलच असं नाही पण पुढचं निदान स्वच्छ होतं, नाहीतर सहा गोष्टी एकात एक मिसळलेल्या असतात.

आता एकेक तक्रार.

सकाळी सेल्फ लांब मारावा लागतो. मेस्त्री म्हणतो हीटर प्लग (थंड इंजिन चालू व्हायला आत गरम करणारे) बदला. मुंबई, ठाणे, कोकणात राहत असाल तर बहुतेक वेळा ते पैसे वाया, कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच रेलमधून डिझेल देणारं, हल्लीच्या डिझेलमधलं) वीस अंशाला हीटर प्लगशिवायही चालू होतं, नाशिक किंवा महाबळेश्वरच्या जानेवारीतल्या पहाटेची गोष्ट वेगळी. आपल्याकडे जास्त करून लाइन रात्रीत हवा धरते, डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं. फिल्टरच्या पुढे थोडा पारदर्शक पाइप लावून बघा, सेल्फ मारताना बुडबुडे दिसले तर क्लिप, ओ-रिंग, फिल्टर हाऊसिंग तपासा. दहा-वीस रुपयांच्या ओ-रिंगवर लोकांनी पंप बदललेत. याउलट थंड असताना एका झटक्यात चालू आणि हायवेवर चहाला थांबून परत निघताना त्रास, तर शंका इंजेक्टरच्या रिटर्नवर. डिझेल गरम झालं की पातळ होतं आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून जास्त परत जातं, मग सेल्फच्या वेळी रेलमध्ये इंजिन पेटायला लागणारं प्रेशर तयार होत नाही. इंजिनप्रमाणे आकडा बदलतो पण साधारण २०० बारच्या आसपास तरी यावं लागतं, स्कॅनरवर सेल्फ मारताना ते लाइव्ह दिसतं. यासाठी रिटर्न टेस्ट करतात, प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक बाटली लावायची, इंजिन चालवायचं आणि चारी बाटल्यांत किती जमा झालं ते बघायचं. एक बाटली बाकीच्यांपेक्षा खूप जास्त भरली तर तोच इंजेक्टर, चारी बदलायची गरज नाही. नवीन किंवा रिकंडिशन टाकला तर अनेक गाड्यांत इंजेक्टरवरचा कोड ईसीयूमध्ये टाकावा लागतो, 'कोडिंग नाही केलं तरी चालतं' म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका, गाडी चालते पण मिसिंग मारत राहते आणि तुम्ही परत चक्कर मारता.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगतो. जुन्या डिझेलमध्ये मेस्त्री इंजिन चालू ठेवून इंजेक्टरचा नट ढिला करून कुठला सिलेंडर मिस मारतोय ते बघायचे. कॉमन रेलमध्ये हे चुकूनही करू देऊ नका. आत शेकडो बार प्रेशर असतं, जोर दिला की हजाराच्याही वर, बारीक फवाराही कातडी फोडून आत जातो आणि जखम दिसायला सुईच्या टोकाएवढी असली तरी थेट हॉस्पिटलचं ऑपरेशन लागू शकतं. लीक शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा.

घाटात पिकअप नाही, काळा धूर, पी ०२९९. याचा अर्थ टर्बोचं प्रेशर अपेक्षेपेक्षा कमी. लगेच टर्बो काढायला लागू नका. टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) आणि तिथून इंजिनकडे जाणारे मोठे रबर होस बघा, खालच्या बाजूला तेलकट ओला डाग असेल तर तिथे चीर आहे, जोर दिल्यावरच उघडते म्हणून उभ्या गाडीत दिसत नाही. शिट्टीसारखा नाहीतर फुस्स आवाज येतो का ते दुसऱ्याला गाडी चालवायला देऊन ऐका. त्यानंतर बारीक व्हॅक्युम पाइप, मग ॲक्च्युएटरचा सोलेनॉइड (टर्बोचं प्रेशर सांभाळणारा विजेवरचा व्हॉल्व्ह). ईजीआर (धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने चोक होणं तर शहरातल्या गाड्यांचं रोजचं दुखणं आहे, काढून साफ करता येतो, पण गॅस्केट नवीन टाका. ईजीआर ब्लँक (पत्रा लावून कायमचा बंद) करून घ्या असा सल्ला भरपूर मिळेल, करू नका, बीएस ६ गाडीत तर लाइट लागलेलीच राहील आणि पीयूसीला किंवा पुढे गाडी विकताना तुमच्याच गळ्यात येईल. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा राहिला आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केटपर्यंत विषय जातो, ती गाडी चालवत राहू नका, टो करा.

गाडी गरम झाल्यावर अचानक बंद, अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी चालू. हा क्रँक सेन्सरचा (इंजिन किती फिरतंय ते मोजणाऱ्याचा) ठरलेला स्वभाव, पी ०३३५ पडतो आणि कधी पडतही नाही. बंद पडल्या पडल्या सेल्फ मारून स्कॅनरवर आरपीएम बघा, इंजिन फिरतंय आणि स्क्रीनवर शून्य, तर सापडला. सेन्सर कंपनीचाच टाका, नाहीतर चांगल्या नावाचा, लोकल मार्केटचा तीन महिन्यांत परत गेला की फॉल्ट 'रिपीट' वाटतो. आणि बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडलं की जोरात हवा आत ओढली गेली आणि गाडी चालू झाली तर टाकीचा ब्रीदर (हवा आत यायचं भोक) चोक आहे, झाकणाचाच प्रश्न.

एप्रिल २०२० नंतरची बीएस ६ डिझेल असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी पकडणारा फिल्टर. रोज सोसायटी ते ऑफिस पाच किलोमीटर चालवणाऱ्याने ही गाडी मुळात घ्यायला नको होती, पण घेतलीय तर आठवड्यातून एकदा हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं साठ-सत्तरच्या वर सलग काढा म्हणजे काजळी जळते. हे काजळी जळणं, म्हणजे रीजनरेशन, अर्धवट राहत गेलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं तर ऑइल लगेच बदला, खुश होऊ नका.

जुन्या मारुती डिझेलवाल्यांचं एक बरं आहे. फियाटचं ते १२४८ सीसीचं १.३ मल्टीजेट स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगापासून टाटा व्हिस्टा, लिनिया, पुंटोपर्यंत सगळीकडे आहे म्हणून मारुतीने २०२० ला डिझेल बंद केलं तरी पार्ट आणि जाणकार मेस्त्री दोन्ही मिळतात, नाना पेठेत नाहीतर कुर्ल्यात काही ना काही सापडतंच. त्यात सकाळी चालू करताना पहिले काही सेकंद साखळीसारखा खडखडाट आला तर टायमिंग चेन आणि टेन्शनर, ऑइल वेळेवर न बदललेल्या गाड्यांत दिसतो, हा टाळू नका.

गॅरेजला जाताना 'लाइट लागते, बघा' म्हणू नका. फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट आणि तुमची नोट दाखवा आणि म्हणा, गरम झाल्यावर, चौथ्या गिअरला, दोन हजारच्या वर जोर दिला की होतं, माझ्यासोबत एक चक्कर मारा. जो गाडीत बसायला तयार नाही तो गेसवर पार्ट बदलणार. एका वेळी एकच पार्ट बदलू द्या, जुना पार्ट परत मागा, बिलावर किलोमीटर लिहून घ्या. पंप-इंजेक्टरचं काम जनरल गॅरेजला न देता टेस्ट बेंच असलेल्या डिझेल लॅबला द्या आणि टेस्टचा रिपोर्ट हातात घ्या. कुणी फोनवरच 'चारी इंजेक्टर गेलेत' म्हणाला तर काय समजायचं ते तुम्ही समजा.

डीलरकडून घेतली असेल आणि फॉल्ट लपवलेला दिसत असेल तर हेच स्क्रीनशॉट, बिलं आणि डीलरची जाहिरात किंवा वॉट्सॲपवरचे 'एक नंबर कंडिशन' मेसेज एकत्र करून आधी लेखी तक्रार करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला कारण घडल्यापासून २ वर्षं मिळतात. एखाद्या माणसाकडून घरगुती व्यवहारात घेतली असेल तर हा रस्ता सहसा चालत नाही, तिथे बोलूनच काय ते निघेल.

आणि खर्चाची एक वरची रेघ आत्ताच ठरवा, माझ्या मते गाडीच्या किमतीच्या पंचवीस टक्के. निदान झालेलं नसताना त्या रेघेच्या जवळ आलात तर अजून पार्ट टाकू नका, दुसऱ्या शहरातल्या लॅबकडून पैसे देऊन फक्त निदान करून घ्या, तेही जमलं नाही तर पुढच्याला फॉल्ट सांगून, भाव कमी करून गाडी काढून टाका.