नेमबाजीच्या रेंजवरच्या लेनचे बुकिंग कसे लावावे

लेन, म्हणजे एका नेमबाजाची जागा आणि त्यासमोरचे टार्गेट, सरसकट तासाला देऊ नका. 10 मीटर एअर रायफलच्या 60 शॉटच्या स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर 75 मिनिटे मिळतात, कागदी टार्गेटवर 90. शिवाय तयारी आणि सायटिंगची, म्हणजे नेम जुळवून घेण्याच्या शॉटची, 15 मिनिटे वेगळी. म्हणून पूर्ण सरावासाठी दोन तासांचा स्लॉट ठेवा, नवशिक्यांना 45 मिनिटे पुरतात. दोन स्लॉटमध्ये 10 ते 15 मिनिटे मोकळी सोडा. जॅकेट उतरवणे, बंदूक रिकामी असल्याची खात्री करणे, ती पेटीत भरणे, यात तेवढा वेळ जातोच.

जिथे टार्गेट बदलायला नेमबाजांना पुढे चालत जावे लागते, तिथे त्या ओळीतले सगळे स्लॉट एकाच वेळी सुरू करा. एकाने जरी वेगळी वेळ घेतली, तरी त्याच्या टार्गेटसाठी साऱ्या लेनवर गोळीबार थांबवावा लागतो. बहुतेक कुरबुरींचे मूळ हेच असते.

नोंदवहीत नाव, शस्त्राचा प्रकार, कॅलिबर (नळीचा आतला व्यास), अंतर आणि डावा की उजवा हात एवढे हवेच. हाताची नोंद क्षुल्लक वाटते, पण डावखुरा रायफल नेमबाज मधल्या लेनवर आला की डावीकडच्या उजव्या हाताच्या नेमबाजाशी अगदी समोरासमोर उभा राहतो. त्याला सर्वांत डावीकडची लेन द्या.

एक लेन राखीव ठेवा. टार्गेटची मोटर अडकते ती नेमकी गर्दीतच. 15 मिनिटांत कोणी आले नाही तर प्रतीक्षा यादीतल्याला बोलवा. रेंज अधिकारी हजर नसेल तर मात्र बुकिंग असूनही लेन उघडायची नाही.