विहिरीत पोहणाऱ्यांसाठी लाटांचा एक दिवस

लातूर, नांदेड, परभणीकडे बहुतेक जण पोहायला शिकतात ते विहिरीत, पाठीला डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून. त्यामुळे खोल पाण्याची भीती नसते, दमसासही चांगला असतो. पण विहिरीचं पाणी माणसाला ढकलत नाही. समुद्र ढकलतो, आणि सर्फिंगमध्ये पहिल्या दिवशी हेच ढकलणं वापरायला शिकायचं असतं.

शिकायला उत्तर गोव्याचे मांद्रे, आश्वे हे किनारे सोयीचे: तळ वाळूचा, उतार सौम्य. ऑक्टोबर ते मे या काळातच जा. पावसाळ्यात तिथे पाण्यात उतरू नये. लातूरहून सोलापूर, कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी असा रात्रभराचा प्रवास होतो. पोचल्या दिवशी झोप काढा, लाटा दुसऱ्या दिवशी सकाळी. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा विस्कटतात, म्हणून सात ते दहा ही वेळ धरा. पाण्यात उतरण्याआधी तासभर एखादं केळं पुरे.

बोर्ड आठ-नऊ फुटांचा, वरून मऊ फोमचा मागा. छोटा बोर्ड दिसायला छान, पण नवख्याला तोलत नाही. अंगात घट्ट लायक्राचा टी-शर्ट हवाच, नाहीतर बोर्डावर घासून छाती-पोट सोलवटतं. मागून कुणाला हलकेच ढकलायला सांगा. सावरताना जो पाय पुढे पडतो तो पुढचा. लीश, म्हणजे बोर्ड आणि पाय जोडणारी दोरी, मागच्या पायाच्या घोट्याला बांधा.

प्रशिक्षकासोबत कमरेएवढ्या पाण्यातच थांबा आणि फुटून आलेली पांढरी लाट घ्या. बोर्डावर पालथं झोपल्यावर त्याचं टोक पाण्याच्या तीन-चार बोटं वर राहिलं पाहिजे. फार पुढे सरकलात तर टोक पाण्यात घुसतं. फार मागे राहिलात तर लाट खालून निघून जाते. लाटेने मागून उचललं की आणखी दोन हात मारा, तळवे बरगड्यांजवळ बोर्डावर टेकवा, छाती उचला, आणि दोन्ही पाय एका दमात खाली आणा. इथेच बहुतेकांचं चुकतं: बोर्डाच्या कडा धरून उठतात, तो डुगडुगतो आणि उलटतो. दुसरी चूक म्हणजे पायांकडे बघणं. नजर किनाऱ्यावर, गुडघे वाकलेले. पडताना सपाट पडा, सूर मारू नका, हातांनी डोकं झाका. लाट आणि तुम्ही यांच्यामध्ये बोर्ड कधीच येऊ देऊ नका. तो थेट तोंडावर येतो.

दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तर तिथे जाऊ नका. ती समुद्रात आत ओढणारी धार असते, आणि विहिरीतला पट्टीचा पोहणारा नेमका तिथेच फसतो. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. बोर्डावर पडून किनाऱ्याला समांतर हात मारा आणि हात उंचावून मदत मागा.

दहानंतर अंघोळ, मग जेवण. घरगुती खाणावळीत माशांची थाळी घ्या: भात, हुमण (खोबऱ्याच्या रसातली माशांची आमटी), सुकटीचं किसमूर (सुक्या कोळंबीची खोबरं घातलेली कोशिंबीर), तळलेला बांगडा, सोलकढी. मासा दाखवायला सांगा; डोळे स्वच्छ, कल्ले लालभडक आणि बोटाने दाबल्यावर मांस परत वर येत असेल तर ताजा. बांगड्याच्या हुमणात तिरफळं, म्हणजे झणझणीत वासाची मसाल्याची फळं, असतात, ती चावायची नाहीत, ताटाच्या कडेला काढायची. आपल्या काळ्या मसाल्याच्या जिभेला खोबऱ्याचा रस आधी मवाळ लागेल. पण वर झणका मागू नका, आंबटपणा भातात मुरू द्या. शाकाहारींना सकाळची पातळभाजी आणि पाव पोटभर होतो.